धानोरकर सर आणि ओटीचे गहू

लग्नपत्रिका वाटायला निघालेली आमच्या कॉलनीतली माणसं धानोरकर सरांचं घर मुद्दाम शेवटी ठेवत. सर पत्रिका दारातच उघडत, खिशातलं लाल पेन काढत, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना गोल करत आणि पत्रिका तिथल्या तिथे परत देत. "शुद्ध करून आणा, मग येतो." एका मुलीच्या बापानं खरंच दुसऱ्यांदा छापून आणली. सर लग्नाला गेले, पोटभर जेवले आणि निघताना त्या बापाला म्हणाले, "जावई बरा आहे तुमचा. पण त्याची मान बघा जरा. थायरॉइड तपासून घ्या." आठ दिवसांनी तपासलं, तर निघालं. त्या घरानं सरांशी बोलणं टाकलं. सरांना आपलं काय चुकलं ते काही कळलं नाही. "निदान बरोबर होतं ना?" असं ते मला चार-चारदा विचारत.

निदान नेहमीच बरोबर असायचं, हीच तर पंचाईत होती. एखाद्याच्या तोंडावर काय बोललं की त्याला सगळ्यात खोल लागेल, हे सरांना नेमकं ठाऊक असे, आणि बोललेलं सगळं खरं असल्यामुळे समोरच्याला उलटून काही म्हणताही येत नसे. मी त्यांच्या शेजारी लातूरला औसा रोडवर बावीस वर्षं राहिले आणि एकाच कॉलेजात त्यांच्यासोबत नोकरी केली. ते प्राणिशास्त्राचे, मी फिजिक्सची. मला त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी एक कबूल करायला हवं. त्यांच्या बोलण्याला मी पुष्कळ हसलेली आहे. त्यांची जीभ दुसऱ्यावर चाललेली असली की फार मजा यायची.

शिकवायचे मात्र असे की मी माझा तास नसला तर त्यांच्या वर्गाच्या मागच्या दारात उभी राहायची. दोन्ही हातांत खडू घेऊन बेडकाची डावी बाजू डाव्या हातानं आणि उजवी उजव्या हातानं एकाच वेळी काढायचे. रेघा खाली येऊन बरोबर मिळायच्या. लातूर-नांदेडच्या निम्म्या दवाखान्यांत आज जे डॉक्टर बसलेत ते सरांच्या हाताखालून गेलेले आहेत. आणि जे डॉक्टर झाले नाहीत, तेही सरांच्याच हाताखालून गेले.

चुकीचं उत्तर देणाऱ्याला सर फळ्याजवळ बोलवत. मग वर्गाला विचारत, "नमुना समोर आहे. संघ कोणता?" वर्ग ओरडे, "कॉर्डेटा!" "वर्ग?" "मॅमेलिया!" "नाव?" "होमो सेपियन्स!" "सेपियन्स म्हणजे?" "शहाणा!" मग सर त्या पोराकडे चष्म्यावरून बघत राहायचे. शंभर पोरं हसायची. घरी पाहुण्यांपुढेही सर हे सगळं पुन्हा करून दाखवत. भोकरचा एक मुलगा असा तीनदा फळ्याजवळ गेला आणि चौथ्या दिवसापासून कॉलेजलाच आला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी भोकरला त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान मला अचानक सापडलं. त्यानं मला ओळखलं, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. चांगला चाळिशीचा गृहस्थ. म्हणाला, "मॅडम, अजून कुणी मोठ्यानं नाव घेतलं की मी उठून उभा राहतो बगा. बायको हसते." मी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "प्रतिक्षिप्त क्रिया. टिकाऊ असते."

सरांच्या घरात दुसरं माणूस एकच, सुमनवहिनी. माहेर लोह्याकडचं. शाळा सातवीपर्यंत. बुटक्या, गोऱ्या, सदा कामात. बोलणं सगळं माहेरचं, ते चाळीस वर्षं लातूरला राहूनही गेलं नाही, कारण सरांनी ते सुधारायचा प्रयत्न केला होता. त्या "हाव" म्हणाल्या की सर आलेल्या पाहुण्याला सांगत, "हाव म्हणजे होय. दुर्मिळ बोली आहे, नोंद करून घ्या." वहिनी चहाचा कप ठेवून आत जायच्या.

मूलबाळ नव्हतं. एकदा स्टाफरूममध्ये नवीन आलेल्या एका पोरसवदा मॅडमनी सरांना विचारलं, "सर, मुलं काय करतात?" सर पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "प्रजनन झालं नाही. मादीत दोष आहे." त्या मॅडम बिचाऱ्या रडायच्या बेताला आल्या. मी त्या दिवशी हसले नव्हते. पण काही बोललेही नव्हते.

वहिनींना सरांच्या विषयातलं एकच ठाऊक होतं, ते म्हणजे अल्बाट्रॉस. सरांकडे कापडावर छापलेला एक जुना तक्ता होता. अकरा फूट पंख पसरणारा तो पांढरा समुद्रपक्षी आणि खाली घरट्यावर बसलेलं त्याचं भलंमोठं केसाळ पिल्लू. तक्ता मळला की सर घरी आणत. वहिनी तो हलक्या हातानं धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, उलट्या बाजूनं इस्त्री करायच्या. एकदा मी गेले तर त्या पिल्लाच्या चित्रावरून बोट फिरवत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "ताई, ह्याचे मायबाप ह्याला एकटं सोडून समुद्रावर जातेत म्हणे. पंधरा-पंधरा दिस येत न्हाईत. बर्फ पडला तरी हे जागचं उठत न्हाई. बसूनच ऱ्हातंय, येतील म्हणून." मग तक्त्याची घडी घालत, "खरंच बसत असंल का हो? का ह्यांचं आपलं पुस्तकातलं?"

सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघा-तिघांनी सगळी जुळवाजुळव करून साउथ जॉर्जियाच्या मोहिमेचं ठरवलं. दक्षिण महासागरातलं बेट. तिथे माणसं जवळजवळ नाहीतच, आणि पेंग्विन, सील, अल्बाट्रॉस लाखांनी. जहाजावरच राहायचं, रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरायचं, बघायचं आणि परत जहाजावर यायचं. लातूर-नांदेडचे आम्ही नऊ जण. सरांनी वहिनींना नेलं ते वहिनींनी हट्ट धरला म्हणून. चाळीस वर्षांत त्यांनी धरलेला हा पहिला हट्ट. "मला बाकी काय बी नगं. ते पिल्लू तेवढं बगायचंय. एकदा." सर म्हणाले, "तिथे थंडीनं मरशील." वहिनी म्हणाल्या, "मरंन की मग."

आता थंडीची तयारी लातूरला कशी करणार? उन्हाळ्यात आमच्याकडे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. सरांनी उपाय काढला. त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या भावाचं शीतगृह होतं, त्यात चिंचेची पोती ठेवलेली असत. एका दुपारी सर वहिनींना दोन स्वेटर, कानटोपी, मोजे घालून तिथे घेऊन गेले. मीही तमाशा बघायला गेले, खोटं कशाला बोलू. दार लावलं. सर बाहेर घड्याळ घेऊन उभे. ठरलं होतं दहा मिनिटांचं. दहा झाली, पंधरा झाली. मी म्हटलं, "सर, काढा त्यांना." सर म्हणाले, "थांबा. ती स्वतः दार वाजवते का ते बघायचंय." वीस मिनिटांनी तिथल्या हमालानंच घाबरून दार उघडलं. वहिनी पोत्यांच्या मधोमध उभ्या होत्या, ओठ निळे, हात काखेत. दार वाजवलं नव्हतं. सर म्हणाले, "पास." वहिनींना बोलता येत नव्हतं, पण तोंडभर हसल्या. घरी येताना रिक्षात माझ्या कानात म्हणाल्या, "वाजवलं असतं तर नेलं नसतं त्यांनी मला."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांची धाकटी बहीण लोह्याहून आली आणि तिनं वहिनींची ओटी भरली. गहू, नारळ, खण, हळदकुंकू. ओटीतले चिमूटभर गहू सोबत बांधून न्यायचे आणि सुखरूप परत आलं की बहिणीच्या धान्यात मिसळून टाकायचे, अशी त्या दोघींच्या घरची रीत. दाणे अंगावर असले की माणूस घरी परततं म्हणे. सर पलंगावर बसून चष्मा पुसत होते. म्हणाले, "गव्हानं माणूस परत येत असतं तर सैन्यात धान्यच वाटलं असतं." बहीण कुंकवाचं बोट हवेत धरून थांबली. वहिनी म्हणाल्या, "लाव गं तू."

जहाजावर पहिले चार दिवस आम्ही सगळे आडवे होतो. एकटे सर ताठ. ते केबिन-केबिनमध्ये येऊन कोणाला किती वेळा उलटी झाली ते विचारून जात. पाचव्या दिवशी बेट जवळ आलं आणि तपासणी निघाली. बाहेरच्या जगातलं एक बीसुद्धा त्या बेटावर जाता कामा नये, नाहीतर ते रुजतं आणि तिथलं मूळचं गवत मारून टाकतं, असा तिथला कडक नियम. सगळ्यांनी आपले कोट, पिशव्या, बूट घेऊन मोठ्या खोलीत बसायचं आणि खिसे, शिवणी, बुटांच्या खाचा चिमट्यानं कोरून साफ करायच्या. मोहिमेची प्रमुख एक उंच, उन्हानं रापलेली बाई होती. तिनं मराठी मंडळींना नियम समजावून द्यायला सरांना सांगितलं. झालं! सरांच्या अंगात परत फळा संचारला. नांदेडच्या जोशींच्या खिशात शेंगदाण्याचं टरफल निघालं, तर सरांनी ते चिमट्यात धरून आख्ख्या खोलीभर फिरवलं.

वहिनी माझ्याजवळ सरकल्या. "ताई, माझ्याजवळ ओटीचे गहू हायत. काय करू?" मी म्हटलं, "केबिनमध्ये उशीखाली ठेवा. जहाजावर चालतात, फक्त किनाऱ्यावर न्यायचे नाहीत." त्यांनी तसंच केलं. तपासणीत पास झाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या किनाऱ्यावर उतरलो. किनारा कसला, माणसाच्या निम्म्या उंचीच्या पेंग्विनांची जत्राच ती. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. वहिनी जन्मात पहिल्यांदा पँट घालून चालत होत्या आणि दर पावलाला "अगं बया" म्हणत होत्या. प्राण्यांपासून पाच पावलं लांब राहायचं हाही नियम होता. सर आमच्यासमोर उभे राहून तोच नियम हात वर करून सांगत होते, एवढ्यात एक पेंग्विन त्यांच्या पायांशी आला. सर नियम पाळायला मागे सरले, आणखी मागे सरले, आणि सील लोळून लोळून जिथे गुडघाभर घाणीचा खड्डा झाला होता त्यात उताणे पडले. टोपीसकट. पेंग्विन खड्ड्याच्या काठाशी येऊन वाकून बघायला लागला.

वहिनी हसल्या. मी त्यांना बावीस वर्षांत तशा हसताना पाहिलं नव्हतं. पोट धरून, डोळे पुसत, वाकून. "आवो," त्या म्हणाल्या, "त्याला इचारा की, संघ कोणता?"

मग आम्ही सगळेच हसलो. मोहिमेची प्रमुख बाई, बोटवाले, जोशी, मी. भाषा न कळणारेही हसले. सरांना दोघांनी धरून वर काढलं. बोटीत परत येईपर्यंत त्यांच्या कोटावरून काळं पाणी गळत होतं आणि ते समुद्राकडे बघत होते. वहिनींचं हसू तोवर मावळलं होतं. रुमाल पुढे करून म्हणाल्या, "लागलं का हो?" सरांनी रुमाल घेतला नाही.

पिल्लाचा दिवस त्याच्या दुसऱ्या दिवशी होता. अल्बाट्रॉसची घरटी एका वेगळ्या, छोट्या बेटावर होती. तिथे एका वेळी मोजकीच माणसं सोडत, तीही थोड्या वेळासाठी, आणि हवा बिघडली की तेही बंद. सकाळपासून जहाज हेलकावत होतं. आम्ही कोट, लाइफ जॅकेट चढवून जिन्याशी रांगेत उभे होतो. खाली रबरी बोट वर-खाली होत होती. वहिनी माझ्या पुढे, सर त्यांच्या पुढे. वहिनींचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. मला म्हणाल्या, "ताई, मला रातभर झोप न्हाई बगा."

प्रमुख बाईनं कालच्याप्रमाणे विचारलं, कुणाकडे खायचं काही, बी-बियाणं काही? सगळ्यांनी माना हलवल्या. सरांनीही हलवली. मग एक पाऊल बाजूला झाले आणि स्वच्छ, वर्गात शिकवावं तशा इंग्रजीत म्हणाले, "माझ्या पत्नीला तपासा. आतल्या स्वेटरला, डाव्या बाजूला."

वहिनींना इंग्रजी कळलं नाही, पण सरांचं बोट कुठे गेलं ते कळलं. त्यांचा हात आपोआप तिथे गेला. समुद्र खवळलेला बघून त्या सकाळी भ्यायल्या होत्या आणि उशीखालचे गहू रुमालाच्या कोपऱ्यात बांधून त्यांनी स्वेटरला आतून पिनेनं टाचले होते. उतरताना काढायचे असं ठरवलं होतं, आणि पिल्लाच्या नादात विसरल्या. सगळ्या रांगेसमोर आधी जॅकेट, मग कोट उतरवावा लागला, मग स्वेटर वर करावा लागला. प्रमुख बाईनं गाठ सोडली. सात-आठ दाणे होते. तिनं ते एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकले. ती काही ओरडली वगैरे नाही. वाईट वाटल्यासारखी म्हणाली की कपडे सगळे नव्याने तपासावे लागतील, आणि तोवर इथली वेळ संपेल. आज ह्यांना उतरता येणार नाही. उद्या जहाज पुढे जाणार होतं.

मी ते वहिनींना मराठीत सांगितलं. मलाच सांगावं लागलं. त्या आधी माझ्याकडे, मग सरांकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग दाणे तरी परत द्या म्हणावं. बहिणीला द्यायचे हायत." मी विचारलं. दाणे जाळून टाकतात, नियम आहे, असं उत्तर आलं. तेही मी मराठीत सांगितलं.

सर तोवर जिना उतरून बोटीत बसले होते.

मी थांबायला हवं होतं. त्यांच्यापाशी कोणीतरी थांबायला हवं होतं, आणि त्यांची म्हणावी अशी मीच होते. मी थांबले नाही. एवढ्या लांब आले होते, मलाही बघायचं होतं. "येतेच हं," असं काहीतरी बावळट बोलून मी खाली उतरले.

पिल्लू होतं. मातीच्या उंच घरट्यावर बसलेलं, आपल्या बोकडाएवढं, अंगावरची पांढरी लव अर्धी गळून खाली खरे पंख फुटलेले. एकटंच. आम्हाला बघून त्यानं चोच टकटक वाजवली आणि पुन्हा समुद्राकडे तोंड करून बसलं. सर त्याच्यापुढे टोपी काढून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यानं असेल असं मला म्हणता आलं असतं, पण वारा पाठीमागून होता. त्या माणसाला तो पक्षी खराच प्रिय होता. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधीच आला नव्हता.

परत आलो तेव्हा वहिनी तिथेच एका बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सरांना विचारलं, "होतं का?"

"होतं," सर म्हणाले. "तुझ्यापासून तीन-चारशे मीटरवर."

जेवताना मी सरांना गाठलं. वहिनी केबिनमध्येच होत्या. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं गव्हाचं?"

"सकाळी. ती पिन लावत होती तेव्हा आरशात दिसलं."

"मग तिथेच का नाही बोललात? एका मिनिटाचं काम होतं."

सरांनी सूपमध्ये मिरपूड टाकली, ढवळलं. "काल ती हसली, ती मला एकांतात नेऊन हसली का?"

परतीच्या प्रवासात मी वहिनींना मोबाइलमधला पिल्लाचा फोटो दाखवायला गेले, तर त्यांनी फोन हातानं हळूच खाली केला. "चित्र हाय की ताई घरी तक्त्यावर," म्हणाल्या.

लातूरला आल्यावर सरांचं व्याख्यान ठेवलं होतं. सभागृह गच्च भरलेलं, अर्धे डॉक्टर. पहिल्या रांगेत वहिनी, नवी साडी नेसून, खांद्यावर सत्काराची शाल. सर फार सुंदर बोलले. मग पडद्यावर पिल्लू आलं आणि सर म्हणाले, "हे बघायला आमचं कुटुंब सात समुद्र ओलांडून गेलं, आणि सात दाण्यांपायी जहाजावरच राहिलं." आणि त्यांनी सगळा किस्सा सांगितला. स्वेटर वर करण्यापर्यंत. प्रमुख बाईचा आवाज काढून, वहिनींचा आवाज काढून, "बहिणीला द्यायचे हायत" अगदी हुबेहूब. सभागृह कोसळलं हसून. खड्ड्याचं काही त्यात नव्हतं. वहिनी मांडीवर हात ठेवून पडद्याकडे बघत होत्या, कारण पिल्लू अजून पडद्यावरच होतं.

दुसऱ्या दिवशी त्या लोह्याला गेल्या. "आठ दिसांनी येते," म्हणाल्या. आल्या नाहीत.

चार महिन्यांनी मी नांदेडला लग्नाला गेले होते, तेव्हा परत येताना वाटेत लोह्याला उतरले. वहिनी बहिणीच्या अंगणात पापड वाळत घालत होत्या. अंगानं जरा भरल्या होत्या. मला बघून हरखल्या, बसवलं, भाकरी केली. मग आपणहून बोलल्या. "ताई, जहाजावरचं मी सोसलं. मी बी हसलेच होते की त्यांना, चारचौघांत. फिटंफाट झाली म्हणलं. पण सभेत सांगताना त्यांचं तोंड बगितलं मी. त्यांना ते सांगायला लई गोड लागून राहिलं होतं." मग मला भाकरी वाढत विचारलं, "जेवतेत का वेळेवर?" मी म्हटलं, डबा लावलाय. "त्यांना डब्याची भाजी पचत न्हाई," म्हणाल्या.

मी निघाले तशा एसटीच्या थांब्यापर्यंत आल्या. गाडी दिसायला लागली तेव्हा म्हणाल्या, "ताई, त्यांना एक निरोप द्याल? म्हणावं, न्यायला आले तर येते. स्वतःहून न्हाई यायची मी. पण आले तर येते. माफी बिफी काय नगं. नुसतं दारात येऊन उभं ऱ्हावा म्हणावं."

घरी आले त्याच संध्याकाळी मी सरांच्या दारात गेले. त्यांनी दार उघडलं. शर्टाचं बटण एक घर चुकलेलं होतं. मागे टेबलावर डबा न उघडता पडलेला. त्यांनी मला आत या म्हटलं नाही, मीही आत गेले नाही.

"लोह्याला गेला होतात म्हणे," सर म्हणाले.

"हो."

"बरी आहे?"

"अगदी छान आहेत. तब्येत सुधारलीय."

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काही म्हणत होती का?"

मी निरोप द्यायलाच आले होते. देवाशपथ त्याचसाठी आले होते. पण ते तसे उभे होते ना, उत्तरासाठी, तेव्हा मला जिन्याजवळ स्वेटर वर धरून उभ्या असलेल्या वहिनी दिसल्या. चार दिवस वाट बघू दे ह्यांनाही, असं माझ्या मनात आलं.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही म्हणाल्या."

"बरोबर आहे," सर म्हणाले. त्यांनी दोनदा मान हलवली आणि दार लोटलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. मी माझ्या फाटकापर्यंत जाऊन वळून बघितलं, तर दाराच्या काचेमागे त्यांची सावली तशीच उभी होती.

चार दिवसांनी माझ्या मुलीचा पुण्याहून फोन आला, तिचं ऑपरेशन ठरलं होतं. मी घाईनं तिकडे गेले. फोनवर सांगता आलं असतं. उद्या सांगू, समोरासमोर सांगू, असं करता करता तीन आठवडे गेले, आणि एका सकाळी जोशींचा फोन आला की सर गेले. खुर्चीत बसल्या बसल्या. हृदय.

मी पोचले तेव्हा वहिनी आलेल्या होत्या. बायका भोवती बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या, माझा हात धरून मला आतल्या खोलीत नेलं आणि दार पुढे केलं. डोळे कोरडेच होते.

"ताई, एकच इचारते. निरोप दिला होता ना त्यांना?"

"दिला होता," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात सोडला, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि बाहेर बायकांमध्ये जाऊन बसल्या.